दोनशे चौदा वेळा ठीक

मंगळवारी दुपारी दोन वाजून चार मिनिटांनी आमचं सतरा नंबरचं मशीन मेलं. मरण्याआधी त्यानं ‘ठीक’ असं आठ वेळा लिहून ठेवलं होतं. मिनेसोटातल्या आमच्या डलूथमध्ये माणसंही साधारण याच पद्धतीनं जातात, त्यामुळे मला आधी त्यात काही वावगं दिसलं नाही.

मशीन म्हणजे आमच्या खोलीतलं नव्हे. आमच्या खोलीत तीन टेबलं, एक कॉफीचं यंत्र आणि सरोवराच्या बाजूची एक न उघडणारी खिडकी आहे. बत्तीस मशीनं आम्ही रोज दुपारी दोनला भाड्यानं घेतो. ती कुठल्या गोदामात असतात हे आम्हाला माहीत नाही, विचारलं तर ‘क्लाउडवर’ असं सांगतात. सुरू होताना मशीन अगदी कोरं असतं, म्हणून त्याला कामाला लावण्याआधी एक स्क्रिप्ट चालवायची. स्क्रिप्ट म्हणजे ओळीओळीनं लिहिलेले हुकूम: हे आण, ते बसव, अमुक तिथे ठेव. मग ती बत्तीसजणं मिळून आसपासच्या एकेचाळीस गावांच्या रस्त्यांचे आकडे चघळतात आणि कुठे किती बर्फ पडलंय ते ठरवतात. चार वाजता यादी तयार होते, बर्फ ढकलणाऱ्या गाड्या त्या यादीप्रमाणे निघतात, आणि मशीनं परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बत्तीस कोरी.

ही तयारीची स्क्रिप्ट आर्लीन मॅकी सांभाळते. अकरा वर्षं तिनं दुसरं काही केलेलं नाही. दोनला ती चष्मा पुसून पडद्यासमोर बसते, एकामागून एक मशीन उठतं, प्रत्येक ओळ झाली की पडद्यावर ‘ठीक’ येतं, आणि आर्लीन मान हलवते. दर मंगळवारी ती लिंबाच्या वड्या करून आणते. ट्रेच्या चार कोपऱ्यांतल्या वड्या कडेला खरपूस होतात, त्या चार कुणालाही मिळत नाहीत. त्या रेच्या. रे तिचा नवरा. त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली आहेत आणि आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला न्यावं लागतं. त्यातला काही खर्च सरकार उचलतं, बाकी सगळा कारभार आर्लीनच्या ऑफिसच्या विम्यावर चालतो. दोघं एकाच वयाची. पासष्ट पूर्ण झाली की दोघांचाही पूर्ण सरकारी विमा सुरू होईल. त्याला अजून चौदा महिने होते. हे आर्लीननं मला कधी सांगितलं नाही, पण तिच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर पुढच्या वर्षातल्या एका तारखेला गोल केलेला आहे आणि मी काही आंधळा नाही.

मशीन मेल्यावर मिनियापोलिसहून प्रेस्टनचा फोन आला. प्रेस्टन आमचा साहेब. तो नेहमी पडद्यावरच दिसतो, मांडीवर एक छोटं कुत्रं असतं, आणि त्यानं कधीही बर्फात गाडी अडकवून घेतलेली नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

“लायल, ती स्क्रिप्ट तू एकदा ताज्या नजरेनं बघ.”

“आर्लीन बघतेय की.”

“आर्लीन तिच्या फार जवळ आहे.” मग त्यानं आवाज उतरवला. आर्लीन माझ्यापासून सहा फुटांवर बसली होती, त्यामुळे आवाज उतरवून काही उपयोग नव्हता. “आणि तुला म्हणून सांगतो. ती स्क्रिप्ट छोटी करता आली, कुणालाही समजेल अशी, तर तुमच्या खोलीत दोन पदं लागणार नाहीत. महिनाअखेरीपर्यंत तो निर्णय घ्यायचाय.”

तिसरं टेबल असंच एका निर्णयानं रिकामं झालं होतं. मी आर्लीनकडे बघितलं. ती वड्या कापत होती.

“ऐकलं मी,” ती म्हणाली. “बघ तू. माझी हरकत नाही.”

तिथेच मी काहीतरी सबब सांगायला हवी होती. मी वाईट माणूस नाही. पण बिघाड समोर आला की मला दुसरं काही दिसत नाही, घरातल्या नळापासून ते असंच आहे, आणि माझ्या पहिल्या बायकोनं घटस्फोटाच्या कागदात जवळजवळ हेच कारण दिलं होतं.

बुधवारी सकाळी मी स्क्रिप्ट उघडली. दोनशे चौदा ओळी. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक छोटं शेपूट. साध्या भाषेत त्या शेपटाचा अर्थ असा: हे जमलं नाही तरी जमलं असं धर, ‘ठीक’ लिही आणि पुढे चल. आमच्या धंद्यात प्रत्येकानं कधी ना कधी असं एखादं शेपूट लावलेलं असतं. शुक्रवारी संध्याकाळी घरी जायची घाई असली की हात आपोआप तिकडे वळतो. पण दोनशे चौदा ओळींना दोनशे चौदा शेपटं मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मी एक चाचणीचं मशीन घेतलं आणि सगळी शेपटं कापली. पहिली ओळ पडली. ती इंटरनेटवरच्या ज्या पत्त्यावरून सामान आणायला जात होती तो पत्ताच कधीचा बंद होता. ती ओळ बाजूला ठेवून दुसरी चालवली, तीही पडली. तिसरी ज्या फोल्डरमध्ये शिरत होती ते फोल्डर नव्हतं. चौथी त्या नसलेल्या फोल्डरमधली नसलेली फाइल पाचवीला देत होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी दोनशे चौदाच्या दोनशे चौदा ओळी तपासल्या. त्यातली एकही चालत नव्हती. बहुतेक सगळ्या कुठल्या ना कुठल्या बंद दारावर तीन सेकंद हाका मारायच्या, उत्तर आलं नाही की ‘ठीक’ लिहायच्या आणि पुढच्या दाराशी जायच्या.

आणि तरी काम रोज होत होतं. कारण २०१९ साली केव्हातरी कुणीतरी मशीनं भाड्यानं घेतानाच सगळं सामान आत भरून घेण्याची सोय केली होती. मशीन कपडे घालूनच यायचं, आणि आमची स्क्रिप्ट रोज त्याला कपडे घालायला निघून अकरा मिनिटं नुसती हवेत हातवारे करायची.

नववी ओळ मात्र वेगळी निघाली. तिचा पत्ता चालू होता. पूर्वी तिथे एका कंपनीचं कोठार होतं, ती कंपनी बुडाली, आणि तो पत्ता विस्कॉन्सिनमधल्या एका शेतकरी जोडप्यानं घेतला होता. ऑर्व्हिल आणि जून टेश, अल्पाका म्हणजे उंटाच्या जातीची लोकरीची जनावरं पाळणारे. पानावर लांब मानेची सतरा जनावरं ओळीनं उभी होती आणि खाली लिहिलं होतं: “कालचे पाहुणे: ३२.” आमची बत्तीस मशीनं रोज दुपारी दोनला त्या अल्पाकांचं पान उतरवून घेत होती, ते स्वतःत बसवायचा प्रयत्न करत होती, आणि जनावराचा फोटो बसत नाही म्हणून ‘ठीक’ लिहीत होती.

त्याच्याही खाली सोमवारी रात्री टाकलेली एक नवी सूचना होती: “आमचे पाहुणे थोडे, पण निष्ठावंत आहेत. त्यांच्या प्रेमाखातर रोजच्या सतराव्या पाहुण्याला आमच्याकडून भेट, वार्षिक लोकर कातरणीची संपूर्ण फिल्म.”

फिल्म सव्वातीन तासांची होती, आणि इतकी ठसठशीत की प्रत्येक अल्पाकाच्या पापण्या मोजता याव्यात. सतरा नंबरच्या मशीननं ती उतरवायला घेतली, त्याचं पोट भरलं, आणि ‘ठीक’ लिहायलाही जागा उरली नाही.

मला इतका आनंद झाला की मी विचार न करता प्रेस्टनला कळवलं: सगळी स्क्रिप्ट फेकून दिली तरी चालेल. त्याचा उलट निरोप आला. “जबरदस्त. मग आर्लीनच्या पदाचं महिनाअखेरीला उरकून टाकू.”

आनंद तिथेच उतरला. आर्लीन फोनवर डायलिसिसची गुरुवारची वेळ पक्की करत होती. मला माझीच लाज वाटली, पण निरोप गेलेला होता.

गुरुवारी दोनला रिकामी स्क्रिप्ट चालवली. बत्तीसच्या बत्तीस मशीनं चाळीस सेकंदांत तयार. आर्लीननं चष्मा पुसायला घेतला होता, तो पुसून होईतो सगळं संपलं. वेळेआधी यादी निघाली, गाड्या निघाल्या. साडेचारला वेनचा फोन आला. वेन मोठी गाडी चालवतो, शब्द मोजून बोलतो.

“लायल, मी पाईन होलोत आहे.”

“बरं.”

“माझ्यामागे अजून पाच गाड्या आहेत.”

“बरं, मग?”

“इथे गवत दिसतंय.”

“गवत म्हणजे?”

“हिरवं असतं ते. गाडीचं पातं खाली लावलं तर डांबरातून ठिणग्या निघतायत. म्हातारे लोक खुर्च्या टाकून बघायला बसलेत. आणि तिकडे लिट्‌ल मूसमध्ये गुडघाभर पडलंय म्हणतात. तुला तसदी द्यायची नव्हती, पण म्हटलं सांगावं.”

कारण सापडायला मला अर्धा तास लागला. रस्त्यांचे ताजे आकडे दोन वाजून दहा मिनिटांनी येतात. त्याआधी मागितले तर कालचे मिळतात, तेही अजिबात कुरकूर न करता. जुनी स्क्रिप्ट दोनशे चौदा दारांवर हाका मारून परत येईपर्यंत अकरा मिनिटं जायची, तोवर ताजे आकडे आलेले असायचे. त्या स्क्रिप्टचं एकच काम होतं, उशीर करणं, आणि ते ती उत्तम करत होती.

मी सरळ मार्ग काढला. शुक्रवारी स्क्रिप्टमध्ये एकच ओळ लिहिली: अकरा मिनिटं थांब. दोनला मशीनं उठली आणि थांबली. दोन वाजून तीन मिनिटांनी माझ्या डोळ्यांदेखत ती ओळ पुसली गेली आणि बत्तीस मशीनं कालच्या आकड्यांवर तुटून पडली. मी प्रेस्टनला फोन लावला.

“तू काढलीस का ओळ?”

“लायल, माझ्या पडद्यावरच्या डॅशबोर्डवर बत्तीस चौकोन लाल झाले होते. रिकामी मशीनं. वरची माणसं बघतात ते. मशीनं नुसती बसून आहेत हे मी त्यांना काय म्हणून सांगू?”

“वाट बघतायत म्हणून सांग.”

“वाट बघणं असा रंग नाहीये तिथे.”

साडेचारला वेन. “लायल, आज आम्ही लिट्‌ल मूसमध्ये आहोत. इथे बर्फ आहे, पण ते कालचं आहे. लोक खूश आहेत, मला पाय दिला कुणीतरी.”

“पाय?”

“सफरचंदाचा. पण आजचं बर्फ पाईन होलोत पडतंय. तुम्ही लोक एक दिवस मागे राहायला गेलायत का? तसं असेल तर हरकत नाही, फक्त माहीत असलेलं बरं.”

शनिवार-रविवारी बर्फ पडलं नाही, ही देवाची कृपा म्हणायची. सोमवारी सकाळी मी आर्लीनसमोर खुर्ची ओढून बसलो.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

“काय?”

“की ती स्क्रिप्ट काहीच करत नाही.”

“अरे, मशीनं आतून भरून घ्यायची सोय मीच केली ना एकोणीस साली.” तिनं कॉफीत साखर टाकली. “मग मीही तुझ्यासारखी एक ओळ लिहिली, अकरा मिनिटं थांब. तेव्हाच्या साहेबानं काढली. मी परत घातली, त्यानं परत काढली. प्रेस्टनच्या आधी तिघं झाले, तिघांनीही काढली. झोपलेलं मशीन कुणाला बघवत नाही लायल. धडपडणारं चालतं. धडपडून काही झालं की नाही ते कुणी विचारत नाही. चौकोन हिरवा राहतो.”

“म्हणून तू जुनी स्क्रिप्ट परत लावलीस.”

“शेपटं लावून. प्रत्येक दारावर तीन सेकंद. मोजून बघ, बरोबर बसतं. एखादं दार चुकून उघडलं तर शोधून दुसरं बंद दार बघायचं. वाटतं तितकं सोपं काम नाही ते. अल्पाकांचं राहून गेलं माझ्याकडून, ते दार उघडं होतं. पण फोटो छान होते.”

सहा वर्षं ही बाई एकेचाळीस गावांचे रस्ते बंद पत्त्यांवर चालवत होती आणि मी शेजारी बसून तिला आळशी समजत होतो. मला तिचा अभिमान वाटला, आणि महिनाअखेरीला दहा दिवस उरले होते.

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू विचारलं नाहीस. तू एकदम कापायलाच घेतलंस.”

दुपारी दोनच्या आत जुनी स्क्रिप्ट परत लावायची होती. नववी ओळ बदलून दुसरं बंद दार घालणं सोपं होतं. पण आर्लीन म्हणाली, “त्यांचा आकडा बघितलास? गुरुवारपासून रोज शून्य.” मग आम्ही दोघं त्या शून्याकडे बघत बसलो आणि शेवटी मी पानावरचा नंबर फिरवला.

“टेश बोलतोय,” एक म्हातारा आवाज आला.

“नमस्कार. ते रोज दोन वाजता तुमच्याकडे बत्तीस पाहुणे येतात ना पानावर, मी त्यांच्या ओळखीचा.”

 मग आवाज फोनपासून दूर गेला. “जून! अगं जून, बत्तीसवाल्यांचा फोन आहे!” आणि परत जवळ आला. “सगळे बरे आहेत ना? चार दिवस कुणी आलं नाही हो. आम्ही रोज दोनला जेवणं आटपून आकडा बघायला बसतो. जून म्हणाली, फिल्म लांबली बहुतेक. मी म्हटलं नाही, घरात कुणी आजारी असेल.”

“आहे थोडं आजारपण,” मी म्हणालो. आर्लीन खिडकीकडे बघत होती. “पण आजपासून येतील ते. फक्त एक विनंती होती. ती भेट नको.”

“आवडली नाही?”

“आवडली. पण त्यांच्याकडे ठेवायला जागा नसते.”

“लाजतायत का?”

“मिनेसोटाचे आहेत.”

“मग बरोबर,” ऑर्व्हिल म्हणाला. “मग समजलो. काढतो लगेच. नुसतं बघून जा म्हणावं.”

दोनला आर्लीननं चष्मा पुसला. मशीनं एकामागून एक उठली, सतरा नंबरचंही उठलं, सगळ्यांनी अकरा मिनिटं जीव तोडून धडपड केली आणि दोनशे चौदा वेळा ‘ठीक’ लिहिलं. डॅशबोर्ड हिरवागार. वेनचा फोन आला नाही, म्हणजे उत्तम चाललं होतं.

मंगळवारी बैठक. आमच्या धंद्यात असं काही बिघडलं की एक खास बैठक घेतात, तिचा नियम असा की दोष कुणाचाच नसतो आणि कुणाचं नाव घ्यायचं नाही. फक्त पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे मुळाशी पोचता येतं. प्रेस्टन पडद्यावर, कुत्रं मांडीवर. आर्लीन वड्या कापत होती.

“गाड्या चुकीच्या गावी का गेल्या?” प्रेस्टननं वाचलं.

“आकडे कालचे होते,” मी म्हणालो.

“कालचे का होते?”

“मशीनांनी ते लवकर मागितले.”

“लवकर का मागितले?”

“मशीनं लवकर तयार झाली.”

“लवकर तयार का झाली?”

“गुरुवारी सगळी स्क्रिप्ट काढली गेली. शुक्रवारी वाट बघायची ओळ काढली गेली.” गुरुवारचा मी होतो, ते मी नावाशिवायच कबूल केलं.

प्रेस्टननं पाचवा प्रश्न मनात वाचलेला दिसला. तो कुत्र्याला खाजवायला लागला. “ती... का काढली गेली?”

“लाल दिसत होतं,” आर्लीन म्हणाली.

पाच झाले होते. सहाव्यासाठी फॉर्मवर जागाच नसते. प्रेस्टननं घाईनं पुढचा रकाना घेतला. “कायमचा उपाय. सध्या जुनी स्क्रिप्ट चालू आहे, हिरवं आहे, छान. पण जी गोष्ट फक्त एका... एका व्यक्तीला समजते तिच्यावर कंपनी चालू शकत नाही. प्रत्येक ओळ काय करते ते नीट समजून, लिहून काढायचं, मग ती बंद करायची आणि ते पदही. किती वेळ लागेल? लायल, तू तर एका सकाळीत सगळी तपासली होतीस.”

“त्या सकाळचा परिणाम आपण गुरुवारी बघितला,” मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. वेनच्या ठिणग्यांचा फोटो कुणीतरी पेपरात दिला होता.

“मग नीट करायचं तर?”

मी आर्लीनच्या कॅलेंडरकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. भागाकार मी रात्रीच करून आलो होतो.

“एका ओळीला दोन दिवस. तेही ज्याला ती माहीत आहे अशा माणसानं केलं तर. माझ्यासारख्यानं केलं तर मी काही सांगू शकत नाही, पुन्हा गवत कापू.”

प्रेस्टननं गणकयंत्र काढलं. “दोनशे चौदा गुणिले दोन. चारशे अठ्ठावीस दिवस.” त्यानं भागलं. “चौदा महिने? लायल, चौदा?”

“चौदा.”

पडद्यावरचं कुत्रं भुंकलं. खोलीत सुरीचा आवाज थांबला होता. प्रेस्टननं रकान्यात काहीतरी टाइप केलं, आणि वरच्या माणसांना काय सांगायचं याचा विचार करत असावा असा चेहरा केला.

“सुट्ट्या धरून?” आर्लीननं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

“सुट्ट्या धरून,” मी म्हणालो.

“ठीक,” प्रेस्टन म्हणाला, आणि पडदा काळा झाला.

आर्लीननं रेचा डबा उघडला, नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या वड्या एकेक करून त्यात ठेवल्या. तीन ठेवल्या. चौथी तिनं कागदाच्या रुमालावर घेतली, माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि परत जाऊन चष्मा पुसायला लागली. दोनला पाच मिनिटं कमी होती.